बाळ मान धरत नाही, यात आईचं काय चुकलं?

ठाण्यात मुलांच्या वाढ-विकासाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांबरोबर मी समुपदेशनाचे काम करते. बाळाचे अंग सैल आहे, काखेत हात घालून उचलले की ते निसटते, मान धरलेली नाही, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या आया डॉक्टरांना कारण विचारतात आणि माझ्यासमोर बसल्या की एकच प्रश्न निरनिराळ्या रीतीने विचारतात: माझ्याकडून काय राहिलं? कुणी मालिशवाली लवकर बंद केल्याचे सांगते, कुणी ग्रहणात बाहेर पडल्याचे, कुणी आठव्या महिन्यापर्यंत लोकलने कामावर गेल्याचे. यांपैकी कशानेही बाळाचे स्नायू सैल पडत नाहीत.

स्नायूंची शिथिलता हा स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे. मेंदू, मज्जारज्जू, नसा, नस आणि स्नायू यांचा जोड किंवा खुद्द स्नायू, यांपैकी कुठेही तिचे मूळ असू शकते. जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, डाऊन सिंड्रोम, थायरॉइडची कमतरता ही त्यांतली काही कारणे. स्नायू दुबळे करत जाणाऱ्या आनुवंशिक स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीत बहुधा आईवडील दोघेही निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. काही मुलांत कारण सापडतच नाही आणि ती हळूहळू इतरांच्या बरोबरीला येतात.

पण कारण आईच्याच शरीरापाशी जाऊन पोचले, तर काय बोलायचे? मेघना (नाव व तपशील बदलले आहेत) वर्तकनगरहून नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन आली, तेव्हा हाच पेच होता. पूर्वी हसणारे, आधाराने बसणारे बाळ आता गादीवर निपचित पडून राहत होते आणि त्याच्या बोटांच्या पेरांवर काळसरपणा आला होता. माळकरी, शुद्ध शाकाहारी घर. बाळ जवळजवळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर. तपासणीत मायलेकरांच्या रक्तात बी-१२ हे मेंदू आणि नसांना लागणारे जीवनसत्त्व फार कमी निघाले.

“म्हणजे माझंच दूध नासकं,” ती म्हणाली.

अशा वेळी ‘तुमची काही चूक नाही’ असे म्हणून मोकळे होणारे समुपदेशक मी पाहिले आहेत. मला ते वाक्य पोकळ वाटते, कारण ते ऐकूनही आई घरी गेल्यावर एकटीच उरते. बाईचे दुखणे तिच्या एकटीचे मानायचे नाही, ते अख्ख्या घराचे म्हणून पाहायचे, ही माझी कामाची धारणा आहे. म्हणून पुढच्या भेटीला मी नवऱ्याला आणि सासूबाईंनाही बोलावले.

“घरात दूध किती येतं?” मी विचारले.

“दीड लिटर,” सासूबाई म्हणाल्या.

“ते कुठं कुठं जातं, एकदा सांगता?”

त्या बोटांवर मोजू लागल्या. दोन वेळचा चहा, सासऱ्यांचा रात्रीचा पेला, मोठ्या नातीचे दूध, उरलेल्याचे विरजण. मग त्यांचा हात थांबला. “हिला दिवस असताना दुधानं उलटी व्हायची. म्हणून बंद केलं. नंतर... नंतर परत कुणी विचारलंच नाही.”

“माझी जीभ सोलवटायची, पायांना मुंग्या यायच्या,” मेघना हळूच म्हणाली.

“मला सांगितलं होतंस की गं. मीच म्हटलं, बाळंतपणात होतंच असं.”

बराच वेळ कुणी बोलले नाही आणि मीही ती शांतता मोडली नाही. सासूबाईंना दोषी ठरवणे हा माझा हेतू नव्हता. त्यांच्याही वाट्याला तरुणपणी उरलेलेच आले असणार. मात्र एका बाईच्या माथी बसलेला ठपका त्या दीड लिटरच्या हिशेबात घरभर वाटला गेला, आणि वाटला गेल्यावर त्याला ठपका म्हणण्याची कुणाला गरज राहिली नाही. मेघनाचा पुढचा प्रश्न होता, “मोठीचंही रक्त तपासायचं का?” बाईने मागे पाहणे सोडल्याची ही खूण आता मी चुकवत नाही.

इंजेक्शने सुरू झाल्यावर काही दिवसांतच बाळाची नजर टवटवीत झाली. बसण्यासाठी मात्र काही महिने फिजिओथेरपी लागली आणि बोलणे अजून वयाच्या मागे आहे. उपचार जितका उशिरा, तितकी अशी उणीव मागे राहण्याचा धोका जास्त.

बी-१२ दूध, दही, अंडी, मासे यांत मिळते, भाज्या-कडधान्यांत नाही. गरोदरपणातल्या सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते, बी-१२ नसते. त्यामुळे शाकाहारी गरोदर स्त्रीने त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे. उलट, प्रत्येक सैल बाळाला मेडिकलमधून बी-१२ आणून देऊ नये, कारण आधी डोस दिला तर रक्ततपासणीचा निष्कर्ष बिघडतो आणि दुसरे कारण असेल तर त्याच्या शोधाला उशीर होतो. दूध ओढताना बाळ दमत असेल, ठसकत असेल, रडणे क्षीण असेल किंवा श्वास घेताना छाती आत जात असेल, तर एक दिवसही थांबू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून जिल्हा पातळीवर, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली आहेत. तिथे तपासणी मोफत होते. कुठेही गेलात तरी मोबाइलमधले बाळाचे जुने व्हिडिओ तारखेनुसार काढून ठेवावेत, कारण एखादी गोष्ट बाळाला कधी जमलीच नव्हती की जमत असलेली गेली, यावरून डॉक्टरांच्या शोधाची दिशा बदलते.