मुंबईच्या वाटेवर बुडालेली जहाजं: तांबड्या समुद्रातल्या डायव्हिंगविषयी तुमचे प्रश्न

गेल्या लेखात इजिप्तमधल्या हुरघाडाहून निघणाऱ्या आठवड्याभराच्या बोटसफरीचा ओझरता उल्लेख केला होता. बोटीवरच राहायचं, खायचं, झोपायचं आणि दिवसाला तीन-चार वेळा जुनी बुडालेली जहाजं पाहायला पाण्याखाली जायचं. डायव्हर मंडळी याला 'लाइव्हअबोर्ड' म्हणतात. त्यावर बरेच प्रश्न आले, त्यांतले हे काही.

प्रश्न: मी मालवणला दोनदा स्कूबा केलंय, भीती अजिबात वाटली नाही. मला या सफरीला जाता येईल का? (डोंबिवली)

नाही, इतक्यात नाही. मालवणला तुम्ही जे केलंत ती ओळख होती. तुमची हवा किती उरली, तुम्ही किती खोल आहात, वर कधी यायचं, हे सगळं तुमच्या टाकीला मागून धरलेला मुलगा बघत होता. तुम्ही फक्त मासे बघत होतात. त्यात वावगं काही नाही, माझीही सुरुवात तशीच झाली. पण लाइव्हअबोर्डवर तुम्हाला असं कोणी धरून नेत नाही.

आधी ओपन वॉटर कोर्स करा, त्याने १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. मग अॅडव्हान्स्ड, म्हणजे ३० मीटर. इथली बहुतेक जहाजं २० ते ३० मीटरच्या पट्ट्यात आहेत, त्यामुळे अॅडव्हान्स्डशिवाय जाणं म्हणजे जेवणावळीला जाऊन पाणी पिऊन परत येणं. बऱ्याच बोटी किमान किती डाइव्ह झाल्यात तेही विचारतात, काही मार्गांसाठी ५० मागतात. अंदमान किंवा मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी ही शिकायला चांगली ठिकाणं आहेत. गोव्यात ग्रँड बेटाजवळ 'सूझीज रेक' नावाचं बुडालेलं जहाजही आहे. तिथलं पाणी अनेकदा गढूळ असतं, दोन-चार मीटरपलीकडचं दिसत नाही, पण मी तर म्हणेन तिथे जरूर जा. गढूळ पाण्यात शिकलेला माणूस स्वच्छ पाण्यात घाबरत नाही. उलट मात्र हमखास होतं.

प्रश्न: मी इतिहास शिकवते. डायव्हिंग माझ्याच्याने होणार नाही, पण एक शंका आहे. गंजक्या लोखंडात पाहण्यासारखं काय असतं? आणि ही सगळी जहाजं एकाच जागी कशी बुडाली? (सातारा)

बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नकाशातच आहे. सुएझचं आखात संपून तांबडा समुद्र सुरू होतो तिथे गुबालची सामुद्रधुनी आहे. बेटं, प्रवाळ आणि त्यांतून जाणारी चिंचोळी वाट. तिच्या तोंडाशी, शदवान बेटाच्या उत्तरेला, 'शाब अबू नुहास' नावाचा प्रवाळाचा कट्टा पाण्याच्या जेमतेम खाली दबा धरून आहे. सुएझहून दक्षिणेला येणाऱ्या जहाजाचा अंदाज थोडा चुकला की ते थेट त्याच्यावर. आणि सुएझहून दक्षिणेला येणारी जहाजं जायची कुठे? त्यांतली बरीच आपल्याकडे.

'कर्नाटिक'चंच घ्या. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीचं, १८६२ मध्ये बांधलेलं, शिडं आणि वाफ दोन्हींवर चालणारं जहाज. सप्टेंबर १८६९ मध्ये ते सुएझहून मुंबईला निघालं. सुएझ कालवा उघडायला अजून दोन महिने होते. म्हणून विलायतेहून येणारी माणसं आणि डाक अलेक्झांड्रियाला उतरायची, रेल्वेने सुएझला यायची आणि तिथे दुसऱ्या जहाजात चढायची. 'कर्नाटिक'वर टपाल होतं, कापूस होता, तांबं होतं आणि ४०,००० पौंडांची नाणी होती. १३ सप्टेंबरला मध्यरात्र उलटून गेल्यावर ते अबू नुहासवर चढलं.

पुढचं वाचताना मला दर वेळी कॅप्टनला हलवून जागं करावंसं वाटतं. त्याने प्रवाशांना उतरवलंच नाही. पंप चालू होते, हवा शांत होती आणि त्यांच्याच कंपनीचं 'सुमात्रा' त्या वाटेने येणार होतं. ते आलं की सगळे त्यात चढतील, असा हिशोब. तो अख्खा दिवस गेला. रात्री जेवणं झाली आणि माणसं त्याच अडकलेल्या जहाजावर झोपली. १४ तारखेला सकाळी शेवटी बायकांना होड्यांत बसवायला सुरुवात झाली आणि तेवढ्यात जहाज मधोमध मोडलं. ३१ जण गेले. बाकीचे शदवान बेटावर पोचले, तिथून 'सुमात्रा'नेच त्यांना उचललं. पुढे पाणबुडे लावून नाणी काढून घेण्यात आली.

आज 'कर्नाटिक' साधारण २७ मीटरवर डाव्या कुशीवर पडलंय. डेकच्या लाकडी फळ्या केव्हाच नाहीशा झाल्या, लोखंडी फासळ्या तेवढ्या उरल्या. सकाळचं ऊन त्यांतून पट्ट्यापट्ट्यांनी आत उतरतं आणि त्या उजेडात हजारो पारदर्शक काचमासे पडद्यासारखे सरकत असतात. गंजकं लोखंड म्हणालात, पण त्या फासळ्यांवर मऊ प्रवाळ इतका दाट वाढलाय की लोखंड शोधावं लागतं. माझ्या लेखी सफरीतली ही सर्वांत देखणी डाइव्ह.

'डनरेव्हन' उलट्या दिशेचं. १८७६ मध्ये मुंबईहून मसाले, कापूस आणि लाकूड घेऊन न्यूकॅसलला निघालं आणि शाब महमूदच्या प्रवाळावर आपटलं. आता ते पालथं आहे, म्हणजे आपण तळाकडून आत शिरतो. आणि 'किमोन एम'? डिसेंबर १९७८, तुर्कस्तानातून मुंबईला येणारा ४,५०० टन मसूर! इंग्रज डायव्हर त्याला 'मसूर रेक' म्हणून हसतात. मला मात्र मुंबईतल्या कुठल्या तरी घरी त्या हिवाळ्यात न शिजलेली आमटी आठवते.

प्रश्न: सगळे 'थिसलगॉर्म'चंच नाव घेतात. एवढं काय आहे त्यात? (नाशिक)

अख्खं गोदाम आहे. हे जहाज १९४० मध्ये इंग्लंडमधल्या संडरलंडला बांधलं. जून १९४१ मध्ये ते ग्लासगोहून लष्करी सामान घेऊन निघालं आणि भूमध्य समुद्रात धोका म्हणून आफ्रिकेला वळसा घालून आलं. कालव्याची वाट मोकळी होईपर्यंत शाब अली नावाच्या प्रवाळाजवळ नांगर टाकून थांबलं होतं. ६ ऑक्टोबरच्या रात्री जर्मन हाइंकेल विमानांनी बाँब टाकले, ते पिछाडीच्या दारूगोळ्याच्या कप्प्यावर पडले. डेकवरची रेल्वे इंजिनं उडून दूर तळाशी जाऊन पडली. नऊ माणसं मेली.

पुढच्या कप्प्यांतलं सामान मात्र जिथल्या तिथे आहे. बेडफर्डचे ट्रक, त्यांवर ओळीने लावलेल्या बीएसए आणि नॉर्टन मोटारसायकली, रायफली, गमबुटांचे ढीग. १९५० च्या दशकात फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कूस्तो यांनी ते शोधलं, मग ते पुन्हा विस्मरणात गेलं आणि १९९० च्या दशकात हौशी डायव्हरांची रीघ लागली. डेक १५-१७ मीटरवर, तळ ३० च्या आसपास.

इथेच बोटीवर राहण्याचा फायदा कळतो. शर्म अल शेखहून दिवसभराच्या बोटी येऊन पोचल्या की त्या कप्प्यांत दादरच्या पुलासारखी गर्दी होते. तुमची बोट रात्रीच येऊन वर बांधलेली असेल तर पहाटे साडेपाचला ते जहाज तुमचं एकट्याचं. प्रवाहाची ओढ जबर असते, दोर सोडू नका.

प्रश्न: जहाजाच्या आत जायलाच हवं का? बंद जागेत माझा जीव घाबरतो. (पुणे)

मुळीच नाही. बाहेरूनच इतकं बघायला असतं की एक टाकी पुरत नाही. आत जायचंच तर उजेड दिसत राहील एवढंच, आणि पृष्ठभागापासून खोली व आतलं अंतर मिळून ४० मीटरच्या वर नाही, ही हौशी डायव्हरची हद्द. हवेचा हिशोब तिसऱ्या हिश्शाचा: एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव. फिन, म्हणजे पायातला पंखा, तळाशी आपटलं की वर्षानुवर्षं साठलेला गाळ उठतो आणि क्षणात दार दिसेनासं होतं.

माझी फजिती सांगतो. 'जियानिस डी' नावाचं लाकूड वाहणारं ग्रीक जहाज १९८३ मध्ये अबू नुहासवर आपटलं. त्याची पिछाडी जवळजवळ ४५ अंशांत कलती आहे. इंजिनरूममध्ये शिरलो. जिने, कठडे, भिंती, सगळं तिरकं. बुडबुडे मात्र सरळ वर जात होते. डोळे म्हणत होते भिंत उभी आहे, कान म्हणत होते नाही. इतकं गरगरलं की रेग्युलेटर, म्हणजे तोंडातलं हवेचं यंत्र, दातांत घट्ट धरून डोळे मिटले आणि बडीने, म्हणजे जोडीदाराने, दंड धरून बाहेर काढलं. तेव्हा माझ्या ३०० च्या वर डाइव्ह झाल्या होत्या. जीव घाबरणं ही अक्कल आहे, तिचं ऐका.

प्रश्न: नायट्रॉक्स घेतलं की जास्त खोल जाता येतं ना? (ठाणे)

उलट. नायट्रॉक्स म्हणजे टाकीत भरायचं असं मिश्रण, ज्यात साध्या हवेपेक्षा ऑक्सिजन जास्त, म्हणून खोलीची मर्यादा कमी. नेहमीच्या ३२ टक्क्यांच्या मिश्रणाने साधारण ३३ मीटरच्या खाली जायचं नाही, कारण दाबाखाली ऑक्सिजनच विषारी ठरून झटके येऊ शकतात. फायदा वेळेचा. ३० मीटरवर साध्या हवेने सुमारे २० मिनिटं मिळतात, या मिश्रणाने ३०. दिवसाला चार डाइव्ह करताना हे फार कामाचं. फक्त टाकीतलं प्रमाण स्वतःच्या हाताने मोजा, दुसऱ्याने लिहिलेल्या चिठ्ठीवर जाऊ नका.

प्रश्न: मुलगी मैत्रिणींबरोबर चाललीय. अशा बोटी बुडाल्याच्या बातम्या वाचल्या, झोप लागत नाही. (कोल्हापूर)

काकू, तुमची काळजी अनाठायी नाही, उगाच धीर देणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये इजिप्तच्याच मार्सा आलमजवळ अशी एक बोट बुडाली आणि माणसं दगावली. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात रात्री बोटीला आग लागली आणि खालच्या खोलीत झोपलेले ३३ प्रवासी आणि एक खलाशी असे ३४ जण गेले. रात्री बोटीवर गस्त नव्हती. पाण्याखालच्या धोक्यांचं आम्ही महिनोन् महिने शिकतो आणि झोपायच्या खोलीतून बाहेर कसं पडायचं हे कोणी विचारत नाही, हे माझंही दुखणं आहे.

मुलीला सांगा, पैसे भरण्याआधी विचार: रात्रभर कोण जागं असतं? खालच्या मजल्यावरून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि ती डेकवरच उघडते ना? कॅमेरे, टॉर्च यांच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात? खोलीत रात्रभर चार्जिंग चालत असेल तर ती बोट नको. चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी ती दुसरी वाट डोळे मिटून एकदा चालून बघायची. लाइफ जॅकेट कुठे आहे ते हाताला माहीत हवं. ज्या बोटीचे लोक या प्रश्नांना कंटाळतात ती सोडून द्यायची, आगाऊ रक्कम बुडाली तरी.

प्रश्न: मी शाकाहारी, शिवाय मला बोट लागते. निभेल का? (सांगली)

खाण्याचं मस्त निभेल. फूल म्हणजे शिजवलेला बाकला, तामिया म्हणजे त्याच बाकल्याची भजी, मसुराचं सूप, कोशारी म्हणजे भात, मसूर आणि मॅकरोनी एकत्र. तिखटाची पुडी सोबत न्या. बोट लागण्याचं मात्र आधी डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्यांनी झोप येते आणि पेंगुळलेल्या डोक्याने पाण्यात उतरायचं नसतं. गोळी आधी घरी घेऊन बघा. खोली खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी मागा.

प्रश्न: 'क्रिसुला के' जहाजावर इटालियन टाइल्सचे ढीग पडलेत म्हणे. आठवण म्हणून एखादी आणली तर काय बिघडलं? कूस्तोंनीही 'थिसलगॉर्म'वरून वस्तू वर आणल्याच होत्या. (मुंबई)

आणल्या, खरंय. घंटा आणली, मोटारसायकल आणली. तेव्हा तिथे ते एकटे होते. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने "एकच तर" म्हटलं आणि आज तिथल्या कित्येक मोटारसायकलींना हँडल नाही, मीटर नाही. सामान उचलणं इजिप्तमध्ये बेकायदा आहेच. टाइलचं म्हणाल तर ती १९८१ ची जमिनीची साधी फरशी आहे, मुंबईत कुठल्याही दुकानात याहून बरी मिळेल. तिथे मात्र ती चळत लावलेली, जशी बंदरात रचली तशीच आहे, आणि बघायचं ते तेच आहे. 'थिसलगॉर्म'वर तर हात मागेच बांधून फिरा. तिथे नऊ जणांनी जीव गमावलाय.

प्रश्न: शेवटच्या डाइव्हनंतर विमान किती तासांनी? (औरंगाबाद)

आठवडाभर रोज डाइव्ह केल्यावर किमान १८ तास, मी २४ धरतो. म्हणून शेवटच्या दिवशी बोट दुपारीच हुरघाडाला लागते. तेवढ्यात सामान गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर परतीच्या बॅगेचं वजन तीन-चार किलोंनी वाढतं.