मनीषनगर, बुटीबोरी आणि जीटी३

प्रश्न : मी मनीषनगरला राहतो, कारखाना बुटीबोरीला. वय ४६. पोर्शे ९११ जीटी३ चं वेड जुनं आहे. आता दिल्लीत २०१८ सालची, नीट राखलेली एक गाडी मिळतेय. आहे ती गाडी विकून हीच रोज कारखान्यात न्यावी, सुटीत आईला रामटेकला घेऊन जावं, असं मनात आहे. मित्र म्हणतात, मायलेज रडवेल. रोजच्या वापरात खरी अडचण कशाची? – एक वाचक, नागपूर

उत्तर : मायलेजची काळजी सोडा. या गाडीत पेट्रोल नाही, टायर रडवतात. माझं टायर-अलाइनमेंटचं दुकान आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

या मॉडेलला पुढे २४५/३५ आणि मागे ३०५/३० मापाचे, २० इंची टायर येतात. पुढच्या टायरचा हिशेब केला तर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम साडेआठ सेंटिमीटर रबर उरतं. आपल्याकडे सिमेंट रोड जिथे संपतो आणि गट्टू किंवा डांबर सुरू होतं, तिथली पायरी तुम्ही रोज बघता. साधी गाडी ती गिळून घेते. इथे धक्का थेट रिमला बसतो. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे, त्यामुळे आलटून पालटून लावायची सोयही नाही. शिवाय ही गाडी मुळात रेसिंग ट्रॅकसाठी घडवलेली; ट्रॅकसाठीच्या टायरचं रबर मऊ असतं, ते तसंही लवकर झिजतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॅम्बर. ट्रॅकवर जाणारे मालक वळणावर पकड मिळावी म्हणून चाकं वरून आत झुकलेली ठेवून घेतात. वळणांवर ते योग्यच आहे. पण वर्धा रोड सरळ, समृद्धी तर त्याहून सरळ. सगळा भार आतल्या कडेवर. टायर बाहेरून बघाल तर नवाकोरा दिसतो, आणि आतून हात फिरवला की बोटांना तार लागते. समृद्धीवर मे महिन्याच्या दुपारी १२० च्या वेगात असा टायर फुटला तर काय होईल, हे मी वेगळं सांगायला नको. म्हणून दिल्लीच्या गाडीचा सौदा करण्याआधी अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागा, आणि गाडी लिफ्टवर चढवून चारही टायरच्या आतल्या कडा स्वतः बघा. फोटोवर विश्वास ठेवू नका, फोटो नेहमी बाहेरून काढलेले असतात.

आता पंक्चर. गाडीत स्टेपनी नाही. चाकाला पाच नट नाहीत, मधोमध एकच मोठा सेंटर लॉक आहे आणि तो ६०० न्यूटन मीटरला आवळावा लागतो. साध्या गाडीचा नट साधारण ११० ला आवळतात. म्हणजे त्या मापाचं सॉकेट, लांब टॉर्क रेंच, आणि ब्रेक दाबून धरायला दुसरा माणूस. बुटीबोरीच्या वाटेवरच्या पंक्चरवाल्याकडे हे कुठून असणार? त्याने अंदाजाने आवळलेलं चाक घेऊन पुढे जाऊ नका, कृपा करून. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, बोलवा.

स्पीड ब्रेकरचं तसं कमी भीतीचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तो सावकाश पार होतो. त्रास होतो तो ले-आउटच्या आतल्या, उरलेल्या डांबरात उभ्या केलेल्या उंचवट्यांचा. नाक उचलायची फ्रंट लिफ्ट या गाडीत ऑप्शन होती, तुमच्या गाडीत बसवलेली आहे का ते विचारा. नसेल तर या शहरासाठी ती गाडी घेऊच नका. उन्हाळ्याआधी समोरच्या जाळ्यांतून रेडिएटरवर अडकलेला पालापाचोळा काढून घ्या, आणि पावसात नरेंद्रनगरच्या अंडरपासचा रस्ता विसरा.

आणि आईंचं. या गाडीत मागे सीटच नाही, म्हणजे आई आणि घरातलं आणखी कुणी असं एका वेळी निघता येणार नाही. त्यात फिक्स बकेट सीट असेल तर तिच्या कडा उंच असतात. बसताना आधी कडेवर टेकायचं, मग आत घसरायचं; उतरताना हाताच्या जोरावर अंग वर उचलायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे एकदाही जमणं कठीण. रामटेकला पोचून आई गाडीतच बसून राहिल्या तर तुम्हाला वाईट वाटेल.

यातलं काहीच गाडीचा दोष नाही. फार सुंदर गाडी आहे ती. तिचं चार लिटरचं इंजिन ४६० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, मिनिटाला ६,००० फेऱ्यांना देतं आणि ९,००० पर्यंत फिरतं. बर्डीच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही ३,००० च्या वर जाणार नाही, आणि समृद्धीवर १२० ची मर्यादा पाळली तर तिसरा गिअरसुद्धा पुरा वापरून होत नाही. ती मोकळी होते ती सर्किटवर. एक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, साधारण ३.७ किलोमीटरचं, दुसरं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, ५.१ किलोमीटरचं. नागपूर देशाच्या मध्यात, त्यामुळे दोन्ही हजार-अकराशे किलोमीटरवर.

वर्षातून दोन-तीनदा गाडी तिथे न्यायची तयारी असेल, तर आहे ती गाडी विकू नका आणि जीटी३ जरूर घ्या. तेवढी सवड नसेल तर त्याच सालची ९११ कॅरेरा बघा. तिचं टर्बो इंजिन ४५० न्यूटन मीटर १,७०० फेऱ्यांपासूनच देतं, म्हणजे छत्रपती चौकातला सिग्नल सुटताच हाताशी. चाकाला पाच बोल्ट, मागे लहान का होईना दोन सीट. बाहेरच्या राज्यातली गाडी म्हणून एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स दोन्हींत लागेल, तो आधीच किमतीत धरा.

प्रश्न : ट्रॅक डेला, म्हणजे सर्किटवर स्वतःची गाडी पळवायच्या दिवशी, गाडी आपटली तर विमा मिळतो का? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : नेहमीच्या पॉलिसीत नाही. वापराच्या मर्यादांच्या कलमात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, आणि सर्किटवाले स्वतःच्या जबाबदारीच्या फॉर्मवर सही घेतात. रस्त्यावरची शर्यत तर गुन्हाच आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली. आणखी एक बघून ठेवा : २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, तशा वेळी पाणी इंजिनात जाऊन झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. रिन्यूअल एप्रिल-मेमध्ये येत असेल तर त्याच वेळी घ्या.