वाचकांचे प्रश्न : सौभद्रचा शेवटचा प्रयोग, आणि सासूबाई येत नाही म्हणतात

प्रश्न : ताई, नमस्कार. मी खानापूरची. बेळगावातली एक हौशी मंडळी कित्येक वर्षं संगीत सौभद्र हे नाटक करते, आता त्यांनी जाहीर केलंय की पुढच्या महिन्यातला प्रयोग शेवटचा. आमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या, या मंडळीचे चार तरी प्रयोग बघितलेत, पदं सगळी पाठ, भाकरी थापताना सुद्धा गुणगुणत असतात, आणि आता शेवटचा म्हटल्यावर येतच नाही म्हणून बसल्यात, शेवटचं बघवत नाही म्हणे. आग्रह करू की गप्प बसू? दुसरं, आमची सूनबाई बैलहोंगलची, माहेरी सगळं कन्नड, मराठी आता कुठं कळायला लागलंय, तिला नेलं तर बिचारी कंटाळेल का? आणि मुलगा म्हणतो मी अख्खं नाटक मोबाईलवर घेतो, आजीला घरीच दाखवू, तसं चालेल का?

उत्तर : वैनी, आग्रह करा. पण "शेवटचा आहे, चला" असं म्हणू नका, त्या शब्दालाच त्या घाबरल्यात. "या खेपेला सुभद्रा कशी गाते ते ऐकायला चला" म्हणा. ज्यांना पदं पाठ आहेत त्यांना कथेची ओढ नसतेच की, अर्जुन यती होऊन येणार, बलरामाला बहीण सुभद्रेसाठी दुर्योधन हवा, कृष्ण आतून सगळी सूत्रं हलवणार, शेवटी लग्न लागणार, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या जातात ते गाणारा आज त्याच पदाचं काय करतो ते बघायला. आणि ते दर प्रयोगाला वेगळं असतं, म्हणूनच चार वेळा बघूनही पाचव्यांदा जावंसं वाटतं.

सौभद्र संपणार अशी भीती असेल तर त्यांना एवढं सांगा. १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्यात या नाटकाचे पहिले तीन अंक झाले, पूर्ण पाच अंक पुढच्या वर्षी. नाटक लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्येच गेले, सुभद्रा गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले, त्या वेळी पण लोकांना वाटलंच असणार की झालं, आता कुठलं सौभद्र. पण नंतर बालगंधर्व आले, आणखी किती आले, आणि आज खानापुरात एक आजी भाकरी थापताना ते गुणगुणते. त्यामुळे नाटक कुठं जात नाही. जाते ती ही मंडळी, ही सुभद्रा, हा ऑर्गन वाजवणारा हात. ते मात्र खरंच परत ऐकायला मिळणार नाही, आणि म्हणूनच सासूबाईंनी घरी बसू नये असं मला मनापासून वाटतं.

माझं स्वतःचं सांगते. मी सातवीत असताना वडिलांबरोबर असाच एका मंडळीचा शेवटचा प्रयोग बघितला, तो पण सौभद्रचाच. "वद जाऊ कुणाला शरण" झालं आणि सगळं थिएटर वन्समोअर म्हणून ओरडलं. सगळ्यांना वाटलं आता दुप्पट ताना येणार. त्या गायकानं तबलेवाल्याकडे बघून जरा हात खाली केला, आणि दुसऱ्यांदा ते पद एकसुद्धा तान न घेता, सरळ, नुसते शब्द लावून म्हटलं, तबला अगदी हळू, ऑर्गन जवळजवळ नाहीच. माझ्या शेजारचे एक आजोबा पान लावत होते, ते तसंच हातात धरून बसले. तसं ते पद मी पुढं कुठंच ऐकलं नाही, चांगल्या चांगल्या लोकांकडून ऐकलं तरी नाही. त्या रात्री नाटक इतकं लांबलं की खानापूरची शेवटची गाडी गेली, नंदगडहून आलेली माणसं होती ती पण अडकली, सगळे तिथंच पायऱ्यांवर बसून राहिले आणि सकाळच्या गाडीनं गेले. म्हणून सांगते, परतीची सोय आधी करून ठेवा, शेवटचा प्रयोग वेळेत संपत नाही. एरवी आजकाल कापून तीन तासांत बसवतात, त्या दिवशी तीनाचे चार झाले तर नवल नाही आणि ७८ वर्षांच्या बाईंना रात्री स्टँडवर बसवणं बरोबर नाही. कडेची खुर्ची मागून घ्या, मध्यंतरात उठायला बरं पडतं.

आणि काही झालं तरी तिसऱ्या घंटेआधी आत बसा. लोक नांदीला, म्हणजे सुरुवातीच्या मंगल पदाला, उशिरा येतात आणि मला फार वाईट वाटतं त्याचं. बहुतेक मंडळींत नांदीला सगळे एकत्र उभे राहतात, कृष्ण, बलराम, नारद, एकच वाक्य असलेला सेवक सुद्धा. शेवटच्या दिवशी ती सगळी माणसं एका ओळीत उभी राहून गातायत, आणि आपण बाहेर चहा पितोय, असं करू नका.

सूनबाईंना तर न्याच न्या. हे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, तिथंच जन्म १८४३ चा आणि तिथंच गेले. चारी बाजूंनी कन्नड बोलणारा मुलूख, त्यामुळे कीर्तनातली साकी-दिंडी ही पद्यं जशी त्यांच्या नाटकात आली तशा कर्नाटकी चाली पण आल्या. तिला शब्द अडतील, चाल अडणार नाही. आणि तिला कुंदगोळच्या रामभाऊंचं सांगा, म्हणजे सवाई गंधर्व, भीमसेन जोशींचे गुरू. धारवाडकडचा कन्नड माणूस, मराठी संगीत नाटकात स्त्रीभूमिका करायचा, सुभद्रा सुद्धा केलीय त्यांनी. कुमार गंधर्व पण आपल्या सुळेभावीचे, घरचं नाव शिवपुत्र कोमकली, त्यांनी बालगंधर्वांची पदं किती प्रेमानं गायलीत. तेव्हा हे नाटक तिला परकं कशाला वाटेल, तुमच्या घरात ती जशी आहे तसंच हे तिच्या मुलखात आहे. फक्त जायच्या आधी दोन संध्याकाळ सासूबाईंना तिला गोष्ट सांगायला बसवा, अंक एक, अंक दोन असं. कदाचित त्यानंच सासूबाई पण तयार होतील, सांगता सांगता माणसाला जावंसं वाटतं.

रेकॉर्डिंगचं मुलाला नाही म्हणा. एक तर अंधारात मोबाईलचा उजेड सरळ गाणाऱ्याच्या डोळ्यावर येतो आणि मागच्या चार रांगांना पण. दुसरं, प्रेक्षकांतून घेतलेल्या आवाजात ऑर्गन आणि खोकलाच जास्त येतो, गळा मागं राहतो. आणि तो तीन तास स्क्रीनमध्ये बघणार, म्हणजे आजीनं पण बघितलं नाही आणि नातवानं पण नाही. मंडळीला आधी विचारून बघा, बहुतेक ते स्वतः नीट माईक लावून रेकॉर्ड करत असतील, नंतर कॉपी मागता येईल.

प्रश्न : वन्समोअर किती वेळा द्यावा? शेवटचा प्रयोग म्हणून प्रत्येक पदाला दिला तर कलाकारांना बरं वाटेल ना? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : बरं वाटेल, पण गळा बसेल. पहिल्या अंकातच चार वन्समोअर घेतले तर कृष्णाला रुक्मिणीसमोर "प्रिये पहा, रात्रीचा समय सरुनि" म्हणायची वेळ येते तेव्हा आवाजात काही उरत नाही. जुन्या काळी प्रयोग रात्रभर चालायचे, हे पद येईपर्यंत बाहेर खरंच फटफटायला लागलेलं असणार, तेव्हाची माणसं त्या तयारीची होती. आपले हौशी कलाकार दिवसभर बँकेत नाहीतर शाळेत काम करून येतात. ज्या पदाला तुमच्या तोंडून आपोआप निघेल त्यालाच द्या, आलाप चालू असताना टाळ्या नकोत, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊ द्या की आधी. आणि भरतवाक्याला राखून ठेवा. संस्कृत नाटकांतून आलेली चाल ती, नाटकाच्या शेवटी सगळ्यांचं भलं होवो म्हणून मागणं मागतात. लोक तेव्हा चप्पल शोधत असतात, गाडीची किल्ली काढत असतात. त्या दिवशी उभं राहून ऐका, पडदा पूर्ण पडेपर्यंत.

प्रश्न : आमच्या शेजारचे काका पायपेटीवर साथ करतात, त्यांचा पण हा शेवटचा प्रयोग. काय द्यावं? शाल घेतलीय, आणि प्रयोगाआधी सगळ्यांना कुंदा वाटायचा विचार आहे. (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : कुंदा प्रयोगाआधी अजिबात नको, गाणाऱ्यांच्या घशाला गोड आणि तूप दोन्ही त्रास देतं, त्यांना तेव्हा कोमट पाणी हवं असतं. पडदा पडल्यावर आत न्या आणि हवा तेवढा वाटा. शाल स्टेजवर घालू नका, काकांना संकोच होईल, साथ करणारी माणसं आयुष्यभर विंगेच्या कडेला बसलेली असतात. त्यापेक्षा प्रयोग संपल्यावर पेटी उचलायला आणि टेम्पोत चढवायला तुम्ही दोघं-तिघं थांबा. ती फार जड असते, आणि इतकी वर्षं ती कोण उचलत होतं ते त्यांना विचारा, वाटेत सांगतील.