ग्राफिक्स कार्ड: आत्ता घ्यावे की थांबावे?

ग्राफिक्स कार्ड (संगणकाच्या पडद्यावरील चित्र तयार करणारा भाग) आत्ता घ्यावे की भाव उतरेपर्यंत थांबावे, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर किमतीपेक्षा गरजेत आहे. जुने कार्ड बंद पडले असेल किंवा त्याच्यामुळे रोजचे काम अडत असेल, तर निःशंकपणे आत्ताच घ्या. काम भागत असेल, तर थांबायला हरकत नाही. एनव्हिडिया या कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांची नवी मालिका साधारण दोन वर्षांनी येते (३० मालिका सप्टेंबर २०२० मध्ये, ४० मालिका ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ५० मालिका जानेवारी २०२५ मध्ये आली), त्यामुळे नवी मालिका एक-दोन महिन्यांवर आली असेल तरच वाट पाहावी. ‘अजून स्वस्त होईल’ या आशेवर वर्षभर थांबणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. २०२१ च्या सुरुवातीला मी असाच थांबलो आणि भाव उतरण्याऐवजी चढतच गेले.

खरेदीपूर्वी एवढे अवश्य पाहा:

- पॉवर सप्लायच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) स्टिकरवरील वॉट कार्डाला पुरतात का आणि कार्डाला लागणारी वीजजोडणी त्यात आहे का.
- कॅबिनेटमध्ये कार्ड मावते का. टेप लावून लांबी मोजा.
- मॉनिटर १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेलचा) असेल, तर सर्वांत महागड्या कार्डाच्या मागे लागू नका.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून एखादा जास्तीचा पंखा बसवण्यासाठी थोडे पैसे राखून ठेवा. सीताबर्डीत दुकानातून घेतलेत, तर जीएसटीचे पक्के बिल मागा आणि बिलावरचा कार्डाचा अनुक्रमांक (सीरियल नंबर) खोक्यावरील व कार्डावरील क्रमांकाशी तिथेच उभे राहून ताडून पाहा, कारण वॉरंटीच्या वेळी सर्वांत आधी तोच विचारला जातो. ओव्हरक्लॉकिंगचा (कार्ड ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा) विचार सध्या बाजूला ठेवा.