आर्सेनिकमुळे हातापायांना आलेल्या गाठी कडुनिंबाच्या मलमाने जातात का?

तुमच्या सासऱ्यांचं गाव पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात, त्यांच्या तळहात-तळपायांना टणक गाठी, छातीवर काळे-पांढरे ठिपके, आणि डॉक्टरांनी आर्सेनिकची, म्हणजे पाण्यातून शरीरात जाणाऱ्या विषारी द्रव्याची, बाधा सांगितलीय. मी फार्मसी शिकवतो, म्हणून आधी मलमाचं बोलतो.

गाठी थोड्या मऊ पडतील. ठिपक्यांवर मलमाचा भरवसा धरू नका. बांगलादेशात कडुनिंबाच्या पानांच्या अर्काचं मलम अशा रुग्णांना लावून पाहिलंय, खरखरीतपणा कमी झाल्याच्या नोंदीही आहेत. पण प्रयोग छोटे. त्यापेक्षा डॉक्टर देतात ते ५ ते १० टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं किंवा १० ते २० टक्के युरियाचं मलम बरं. (सॅलिसिलिक अ‍ॅसिडची मूळ ओळखही विलो नावाच्या झाडाच्या सालीतूनच झाली, तेव्हा वनस्पतीचा हट्ट तिथेही पुरवला जातो.) उघड्या भेगांवर मात्र ते लावू नका, झोंबतं.

मला खरी भीती वाटते ती बाजारातल्या बिनलेबलच्या डबीची. त्वचारोगावरच्या काही जुन्या लेपांत हरताळ आणि मनःशिळा घालतात. दोन्ही आर्सेनिक आणि गंधकाची संयुगं! 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' असं सांगणाऱ्याला घटकांची यादी मागा. नाही दिली तर डबी परत करा.

पण कुठलंही मलम शरीरातलं आर्सेनिक काढत नाही. ते हापशाच्या पाण्यातून रोज येत राहिलं तर गाठी पुन्हा येणारच. पाणी उकळून उपयोग नाही. वाफ जाते, आर्सेनिक उरतं, उलट ते दाट होतं. पाणी तपासून घ्या. लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी हवं: तपासलेली खोल कूपनलिका, नळयोजना किंवा नीट साठवलेलं पावसाचं पाणी. आंघोळ, धुणं-भांडी जुन्या पाण्यावर चालतील. तिकडे भात तिन्ही त्रिकाळ, म्हणून तो चांगल्या पाण्यात शिजवून वेळून घ्या. दूषित पाणी सुटलं की शरीरातलं बरंचसं आर्सेनिक लघवीवाटे निघून जातं. सुरुवातीच्या गाठी त्यानंतर हळूहळू कमी होऊ शकतात, जुन्या सहसा राहतात.

एखादी गाठ भराभर वाढली, चिघळली, तिच्यातून रक्त आलं किंवा अंगावर न भरणारा लाल खवलेदार चट्टा दिसला, तर मलम बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आर्सेनिकमुळे त्वचेचा कॅन्सर होतो, आणि तो तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही.