आईला जबडा दुखून घाम फुटला, शेजारी म्हणाले ऊन लागलं. हार्ट अटॅक असू शकतो का?

तुम्ही लिहिलंय ते असं: आई ५८ वर्षांच्या, डायबेटिस आहे. नागपुरातली मे महिन्याची दुपार. जबडा दुखला, मळमळलं, दरदरून घाम फुटला. शेजारच्या काकूंनी ‘ऊन लागलं’ म्हणून पन्हं दिलं, तासाभरात बरं वाटलं. हे हृदयाचं असेल का, आणि पुन्हा झालं तर काय करायचं?

हो, असू शकतं. बरं वाटलं म्हणून विषय संपत नाही. अर्धवट अडलेल्या रक्तवाहिनीचं दुखणं असंच येतं-जातं. आजच डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात घोटाळा होतो तो इथेच. उन्हाने थकलं तरी अंग चिकट होतं, मळमळतं, अटॅकमध्येही तेच. त्यामुळे घामावरून निवाडा करू नका. (उष्माघात वेगळा: अंग भट्टीसारखं तापतं आणि माणूस बरळायला लागतो.) ‘गॅस’चंही तसंच. इनो घेऊन ढेकर आला, हलकं वाटलं, तरी हृदयाचं नाही असं ठरत नाही.

छातीची तक्रार हेच बायकांमध्येही सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण. पण ‘छातीत दुखतंय का?’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात, कारण दुखत नसतं, जड वाटत असतं, आवळल्यासारखं होत असतं. म्हणून ‘छातीवर काही ठेवल्यासारखं वाटतंय का?’ असं विचारा. सोबत पाठ, गळा, जबडा किंवा कोणताही हात दुखणं, धाप, ओकारी. डायबेटिसने नसा बधिर झाल्या असतील तर दुखणं जाणवतच नाही. नुसती धाप लागते किंवा एकदम गळून गेल्यासारखं होतं. रोजचा जिना चढताना हल्ली मधेच थांबावं लागतं का, हेही विचारून घ्या.

पुन्हा असं झालं तर भिंतीला टेकवून, गुडघे वाकवून बसवा. पाच मिनिटांत ओसरलं नाही तर १०८ लावा. घाम किंवा धाप असेल तर पाच मिनिटंही थांबू नका. फोनवर ‘चक्कर आली’ म्हणू नका. ‘छातीत दडपण, डायबेटिस, ५८ वर्षं’ असं सांगा. अॅक्टिव्हावर मधे बसवून नेणं टाळा आणि जिना चालत उतरू देऊ नका, खुर्चीत बसवून उतरवा.

अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल, अल्सरमधून रक्त गेलेलं नसेल आणि तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं असं पॅरालिसिसचं लक्षण नसेल, तर ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. इकोस्प्रिन १५० च्या दोन किंवा ७५ च्या चार. या गोळीवर पोटात न विरघळणारं आवरण असतं. गिळली तर असर उशिरा, म्हणून चावायची. शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट (छातीदुखीवर जिभेखाली ठेवायची गोळी) मात्र देऊ नका. बीपी आधीच पडलेलं असेल तर ती आणखी पाडते. जोरजोरात खोकायला सांगणारा व्हॉट्सअॅपवरचा उपायही विसरा.

शुद्ध गेली आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके येताहेत, तर लगेच सीपीआर, म्हणजे छातीवर दाब द्यायला सुरुवात. जमिनीवर उताणं झोपवा (गादीवर दाब वाया जातो), पदर आणि मंगळसूत्र बाजूला सारा. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, नाहीतर नकळत दाब उथळ होत जातो. बाईच्या छातीला हात कसा लावायचा, या संकोचात बघे नुसते उभे राहतात. लावायचा.

मेडिकलचं (सरकारी मेडिकल कॉलेजचं) सुपर स्पेशालिटी, मिहानचं एम्स की घराजवळचं खासगी, यातलं कुठे रात्रीही अँजिओप्लास्टी (अडलेली रक्तवाहिनी उघडणं) होते ते आत्ताच विचारून ठेवा. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य त्रास किती वाजता सुरू झाला हे असू द्या. पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पहिला नॉर्मल आला म्हणून लगेच घरी निघू नका. त्रास चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) चढायलाही वेळ लागतो, त्यामुळे ती तपासणीसुद्धा काही तासांनी परत करावी लागते.