बेडरूममध्ये बाथटब : पाणी जाणार कोठून?

पलंगाशेजारी बाथटब बसवण्याविषयीची पत्रे गेल्या काही महिन्यांत सातत्याने येत आहेत. बहुतेकांनी असा टब एखाद्या रिसॉर्टमध्ये पाहिलेला असतो आणि बहुतेकांना टबाच्या वजनाची काळजी असते. टबातले पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. संरचना अभियंता म्हणून मी पाहिलेल्या बहुतेक बिघाडांचे मूळ तेथेच सापडले आहे, म्हणून काही प्रातिनिधिक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न (नाशिक) : तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटच्या बेडरूममध्ये अ‍ॅक्रिलिकचा टब बसवायचा आहे. त्याचे वजन फक्त ३५ किलो असल्याने स्लॅबची चिंता नको, असे विक्रेता म्हणतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : विक्रेत्याने तुम्हाला रिकाम्या टबाचे वजन सांगितले आहे. त्यात १८० लिटर पाणी आणि ७० किलो वजनाची व्यक्ती धरली, तर साधारण सव्वा चौरस मीटर जागेवर २८५ किलो भार येतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २२५ किलो. भारतीय मानकानुसार घरातील खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार (माणसे, सामान यांचा भार) धरून आखला जातो. हा फरक फार मोठा नाही, आणि खोलीचा उरलेला भाग मोकळा असेल तर चांगल्या अवस्थेतील स्लॅबला तो बहुधा पेलतो.

खरा भार टबाखाली तयार होतो. बाथरूमचा स्लॅब मुळातच खाली घेतलेला असतो, त्यामुळे सांडपाण्याचा पाइप फरशीखालून जातो. बेडरूमच्या स्लॅबला अशी सोय नसते. सांडपाण्याचे उभे पाइप ज्यातून जातात ती डक्ट टबापासून चार मीटर अंतरावर असेल आणि पाइपला चाळीसास एक असा उतार दिला, तर उतारालाच १० सेंटीमीटर लागतात, पाइपची जाडी वेगळी. म्हणून कंत्राटदार १५ सेंटीमीटर उंचीचा ओटा बांधतो आणि तो वीटबंदी कोब्याने (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांच्या भरावाने) भरतो. त्या भरावाचेच वजन चौरस मीटरला सुमारे २७० किलो होते, म्हणजे टब ठेवण्यापूर्वीच स्लॅबची वापरभाराची मर्यादा ओलांडली जाते. संरचनेत सुरक्षिततेसाठी राखीव ताकद असते, त्यामुळे स्लॅब लगेच कोसळेल असे नाही. परंतु ती ताकद हौसेसाठी खर्च करायची नसते. सिपोरेक्ससारख्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांचा हलका भराव वापरता येतो. तरीही इमारतीचे मूळ आराखडे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून त्याचा लेखी अभिप्राय घेतल्याशिवाय काम सुरू करू नका. दगडी टब असेल, तर हा सगळा हिशेब नव्याने करावा लागतो.

प्रश्न (दादर, मुंबई) : आमची इमारत ३२ वर्षांची आहे. पूर्वीच्या मालकांनी बाल्कनी बेडरूममध्ये घेतली होती. खिडकीलगतच्या त्याच जागेत टब बसवावा आणि पाइपसाठी फरशीखालचा थर तीन-चार इंच फोडावा, असे इंटिरियर डिझायनर सुचवतात. काही हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. हा सल्ला मी इतक्या घरांत ऐकला आहे की त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

बाहेर आलेली बाल्कनी बहुधा एकाच बाजूने धरलेली असते. चारही बाजूंनी आधार असलेल्या स्लॅबमध्ये मधल्या भागातील मुख्य सळ्या खालच्या अंगाला असतात, तर बाल्कनीच्या स्लॅबमध्ये त्या वरच्या अंगाला असतात, कारण तेथे ताण वर येतो. तुमच्या फरशीखालचा थर फोडताना कामगाराची छिन्नी नेमकी याच सळ्यांवर पडते. सळई तुटली नाही, तरी तिच्यावरचे काँक्रीटचे आवरण उडते. मग टबाच्या कडेने झिरपलेले पाणी तेथे पोहोचते, सळई गंजते, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतून फुटू लागते. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर घडते. साधा स्लॅब बिघडला तर त्याचा भार शेजारच्या आधारांवर काही प्रमाणात वाटला जातो आणि भेगा किंवा झुकाव यांतून इशारा मिळतो. एका बाजूने धरलेल्या स्लॅबला दुसरा आधारच नसतो, त्यामुळे तो पुरेसा इशारा न देता पडू शकतो. त्याच्याखाली दुसऱ्या कुटुंबाची बाल्कनी असते आणि त्याखाली लोकांची ये-जा असते.

बाल्कन्यांसाठी मानकात खोल्यांपेक्षा अधिक, चौरस मीटरला सुमारे ३०० किलो, वापरभार धरलेला असतो, हे डिझायनर तुम्हाला सांगतील आणि ते खरेही आहे. परंतु तो आकडा शाबूत सळ्यांच्या नव्या स्लॅबचा आहे. बाल्कनी आत घेताना बहुधा कडेला भिंत आणि खिडकीचा भार आधीच चढलेला असतो. शिवाय ३० वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक आहे. सोसायटीकडे तो अहवाल मागा आणि त्यात तुमच्या बाल्कनीविषयी काय म्हटले आहे ते वाचा. टबाचा विचार तूर्त पूर्णपणे सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फरशी फोडायला सुरुवात झाली असेल, तर काम आजच थांबवून इंजिनिअरला प्रत्यक्ष जागा दाखवा.

प्रश्न (कोल्हापूर) : टबासाठी बेडरूममध्येच गॅस गीझर लावता येईल का?

उत्तर : नाही. बंद खोलीत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि झोपेत असलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही.

प्रश्न (पुणे) : बाथरूममधला १५ लिटरचा गीझर टबाला पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. २५ अंशांच्या नळाच्या पाण्यापासून ४० अंशांचे १८० लिटर पाणी हवे असेल, तर ६० अंशांचे सुमारे ७७ लिटर गरम पाणी लागते. त्यासाठी तीन युनिटांहून थोडी अधिक वीज खर्च होते, आणि दोन किलोवॉटच्या गीझरला दीड तासाहून अधिक वेळ लागतो. तोवर आधी भरलेले पाणी निवत जाते. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन माणशी दिवसाला १३५ लिटर धरून केले जाते, हेही लक्षात ठेवावे. ज्या सोसायटीत टँकर येतो, तेथे मी हा टब सुचवणार नाही. मोठा गीझर घेण्यापूर्वी वायरिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ब्रिटनमधील नियमांनुसार टबाच्या कडेपासून साधे सॉकेट किमान अडीच मीटर दूर लागते. आपल्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत पलंगाशेजारचा चार्जिंग पॉइंट त्या अंतरात हमखास सापडतो.

प्रश्न (ठाणे) : टब बसवून वर्ष झाले. खालच्या फ्लॅटच्या छतावर मार्चपासून ओलीचा डाग आहे. कंत्राटदार १० वर्षांची गॅरंटी असलेले केमिकल वरून मारून देतो आणि पावसाळ्यानंतर पाहू म्हणतो. थांबावे का?

उत्तर : थांबू नका. मार्चमध्ये पाऊस नव्हता, त्यामुळे डागाचे कारण पावसात शोधण्यात अर्थ नाही. टब आजपासून वापरू नका. प्लंबरकडून टबाचा सांधा, ओव्हरफ्लो (जास्तीचे पाणी बाहेर काढणारे वरचे छिद्र) आणि नहाणी ट्रॅप (पाणी साठवून दुर्गंधी अडवणारा पाइपचा भाग) स्वतंत्रपणे तपासून घ्या. वरून मारलेले केमिकल डाग काही महिने लपवते, पण स्लॅबमध्ये पाणी मुरणे थांबवत नाही. टब बसवण्यापूर्वी वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी भरून चाचणी घेतली होती का, हे कंत्राटदाराला लेखी विचारा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दुसऱ्याच्या खोलीवर स्नानगृह येत असेल, तर त्याची जमीन जलरोधक असलीच पाहिजे. सोसायटीच्या परवानगीचे पत्र तुमच्याजवळ नसेल, तर समितीला आजच कळवा. तक्रार खालून आली, तर दुरुस्तीबरोबर वादही सुरू होईल.

प्रश्न (रत्नागिरी) : आमचे बैठे घर आहे. तळमजल्यावरील बेडरूममध्ये टब योग्य ठरेल का?

उत्तर : हो, आतापर्यंतच्या पत्रांतले हे सर्वांत सोपे प्रकरण आहे, कारण जमीन खोदून पाइपला हवा तसा उतार देता येतो. कोकणात अडचण दमटपणाची येते. पावसाळ्यात गरम पाण्याची वाफ प्लायवूडच्या कपाटांत आणि गादीत बसते आणि बुरशी धरते, म्हणून बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा आणि टबाभोवती काचेची किंवा अर्ध्या भिंतीची आड घ्यावी. टब महिनोन् महिने वापरला नाही, तर ट्रॅपमधले पाणी सुकून दुर्गंधी आणि झुरळे थेट झोपण्याच्या खोलीत येतात. दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतत राहा. घरात वयस्कर मंडळी असतील, तर टबाची दोन फूट उंच कड ओलांडणे त्यांना जमेल का, हे विकत घेण्यापूर्वी दुकानात त्यांना प्रत्यक्ष पाय टाकायला सांगून पाहा, आणि पकडीचा दांडा भिंतीत नेमका कोठे बसवायचा हे आर्किटेक्टला तेव्हाच विचारून घ्या.